भ्रमणध्वनीचे भ्रमण

मोबाइलला 'भ्रमणध्वनी' हा शब्द ज्या कुणी सुचवला असेल त्याच्या भाषाप्रेमाविषयी मला आदर आहे. पण बोलताना तो कुणी वापरत नाही, आणि त्यात एक विसंगतीही दडलेली आहे. घरात, एस.टी.त, वर्गात (प्राध्यापकांनी क्षमा करावी) हे यंत्र अखंड वाजत असते. माणूस खरोखरीच्या भ्रमणाला निघाला, परदेशी उतरला, की मात्र त्याचा कंठ दाटून येतो. 'रोमिंग' या शब्दाचा अर्थही भ्रमण हाच. तेव्हा भ्रमणध्वनीला भ्रमणाचेच जादा पैसे पडावेत, हा प्रकार मला फार दिवसांपासून खटकत आला आहे.

आधी हे चालते कसे ते पाहू. सिमकार्डात साधारणतः पंधरा आकडी एक क्रमांक असतो. आपण मित्रांना देतो तो दहा आकडी नंबर वेगळा. या पंधरांतले पहिले तीन आकडे देशाचे; भारताचे ४०४ किंवा ४०५. दुबईच्या विमानतळावर फोन चालू केला की तिथला टॉवर तो क्रमांक वाचतो, पाहुणा भारतातला आहे हे ओळखतो, आणि तिथली कंपनी इथल्या कंपनीला विचारते, "हे गृहस्थ तुमचेच ना? यांचा खर्च तुम्ही द्याल ना?" होकार आला की ओसरीवर पथारी पसरायला परवानगी. पुढे दोन्ही कंपन्या आपापसांत हिशेब करतात आणि पैसे तिसराच, म्हणजे आपण, भरतो.

इंटरनेटची तऱ्हा आणखी गमतीची. रोमिंगवर असताना आपली माहिती बहुधा आधी मायदेशातल्या कंपनीकडे येते आणि मग जगात जाते. म्हणून चीनमध्ये तिथले सिम घेतले तर गूगल उघडत नाही, पण भारतातले सिम रोमिंगवर असले तर सहसा उघडते. देह शांघायला आणि फोनचा आत्मा मुंबईला!

एवढी यातायात म्हटल्यावर पैसे पडणारच, असे कुणी म्हणेल. मी त्याला आमच्या कोल्हापूरकडचे उदाहरण देईन. दूरसंचार खात्याच्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, आणि कर्नाटकाचे दुसरे. त्यामुळे सावंतवाडीहून पणजीला गेले तर राज्य बदले, पण रोमिंग लागत नसे. कोल्हापूरहून निपाणीला, चाळीसेक किलोमीटरवर बाजारहाटाला गेले, की मात्र लागे. (त्या सीमेचा वाद निराळा, तो इथे काढत नाही.) २०१६-१७ च्या सुमारास कंपन्यांत स्पर्धा जुंपली आणि देशांतर्गत रोमिंगचे पैसे उडाले. टॉवर तेच होते, निपाणीही तिथेच होती. मग आदल्या वर्षापर्यंत आपण नेमके कशाचे पैसे भरत होतो?

युरोपने हा प्रश्न कायद्याने विचारला. २००७ साली युरोपीय संघाने रोमिंगच्या दरांना कमाल मर्यादा घातली, ती टप्प्याटप्प्याने खाली आणली, आणि १५ जून २०१७ पासून संघातील देशांत फिरणाऱ्याला घरच्याच दराने बोलता येऊ लागले. अतिवापराला काही बंधने ठेवली, पण तत्त्व मान्य झाले. २०२२ मध्ये या व्यवस्थेला २०३२ पर्यंत मुदतवाढ मिळाली. आता ब्रिटन पाहा. तो संघातून बाहेर पडला, कायद्याचे बंधन सुटले, आणि तिथल्या काही कंपन्यांनी युरोपात जाणाऱ्या आपल्या ग्राहकांना पुन्हा रोमिंग लावले. माझ्या मते यानंतर रोमिंगचा दर हा तांत्रिक प्रश्न आहे असे म्हणणे कठीण आहे. भारत, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश यांच्यात असा करार व्हावा ही मागणी आपल्याकडे कुणी जोराने केलेली माझ्या तरी ऐकिवात नाही.

आमचे एक सर नेहमी म्हणतात, "परदेशी गेल्यावर फोन हवाच कशाला? पूर्वी लोक जात, पोचल्याचे पत्र टाकीत आणि निवांत हिंडत." सरांचे म्हणणे प्रवाशापुरते मला पटते. आयफेल टॉवरखाली उभे राहून घरच्यांना व्हिडिओ कॉल करणाऱ्याने टॉवर किती पाहिला, ही शंका मलाही येते. पण परदेशी जाणारे सगळेच हौसेने जात नाहीत. माझा मामेभाऊ दुबईला बांधकामावर फिटर आहे. व्हॉट्सअॅपवरून बोलण्याला त्या देशाने वर्षानुवर्षे मनाई केलेली. निरोप लिहून पाठवता येतो, थेट बोलता येत नाही. मामीला लिहिलेले वाचता येत नाही. पूर्वीच्या पत्रांची रम्य आठवण काढताना, ती पत्रे वाचून दाखवायला शेजारच्या कुणाची तरी मनधरणी करावी लागे, हेही आठवावे.

त्याची दुसरी अडचण याहून मोठी आहे. "तिथले सिम घे की," असे आपण सहज म्हणतो. त्याने ते घेतलेच आहे. पण गावच्या बँकेतल्या खात्याला जोडलेला नंबर इथला आहे. पैसे काढायचे, पाठवायचे, तर ओटीपी त्या नंबरावर येणार. नव्वद दिवस वापर नसेल आणि शिल्लकही नसेल, तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. म्हणून हा मनुष्य ज्या नंबरावर कधी बोलत नाही, त्यात नियमाने पैसे भरतो. नव्या महागड्या फोनांत ई-सिम असते, एकाच यंत्रात दोन देश सुखाने नांदतात. त्याचा फोन तसला नाही.

मार्ग निघत नाहीत असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये अनिवासी भारतीयांना अमिरातीसह दहा देशांच्या नंबरांवरून यूपीआय वापरण्याची वाट मोकळी झाली. पण त्यासाठी खाते एनआरई किंवा एनआरओ प्रकारचे लागते. मामेभावाचे खाते साधे बचतीचे. ते बदलण्यासाठी तो गेल्या सुट्टीत बँकेत गेला, तेव्हा अर्जावर मोबाइल नंबरासाठी चौकोन होते दहा. अमिरातीचा नंबर ९७१ धरून बारा आकड्यांचा. कारकुनाने सांगितले, "इथला नंबर टाका."

हे वाचून बँकेला हसण्याआधी आपल्या माजी विद्यार्थी संघाचा अर्ज पाहावा. कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावला आहे. त्यावरही चौकोन दहाच आहेत.