लहान घराला मोठा राउटर नको

उन्हाळ्यात लंडनमध्ये सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा सांगलीत दुपारचे दोन झालेले असतात. आईबाबांची जेवणं आटोपलेली असतात, आमचा चहा चालू असतो. रविवारच्या व्हिडिओ कॉलची आमची ती ठरलेली वेळ. गेल्या वर्षी त्याच वेळी नेमकं बाबांचं वाक्य अर्ध्यात थांबायचं, चित्र गोठायचं, आणि मग "आवाज तुटतोय रे" एवढंच ऐकू यायचं. दोन-तीन रविवार असे गेल्यावर मी वैतागून १८० पौंडांचा, सहा शिंगं असलेला राउटर मागवला. आमचा फ्लॅट एका बेडरूमचा, जेमतेम ५०० चौरस फुटांचा. राउटर आला, फोनवर वायफायच्या सगळ्या रेघा भरल्या, आणि पुढच्या रविवारी बाबांचा आवाज पुन्हा तुटला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: लहान फ्लॅटसाठी राउटर निवडताना आपण चुकीच्या रोगावर औषध विकत घेतो. खोक्यावर लिहिलेलं असतं ते लांब पल्ला आणि प्रचंड वेग. लहान घराला यातलं काहीच कमी पडत नसतं.

आधी पल्ला. ब्रिटनमध्ये २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात राउटरने कुठल्याही एका दिशेला १०० मिलिवॉटपेक्षा जास्त प्रभावी शक्ती पाठवायची नाही, असा नियम आहे. हिशेब सगळ्या अँटेनांचा मिळून होतो. शिंगं दोन असोत की आठ, कायदेशीर राउटर त्याहून मोठ्याने ओरडू शकत नाही. जास्त अँटेनांनी ऐकणं सुधारतं, हे मान्य. पण फोन आणि राउटर यांच्यात दहा पावलांचं अंतर असेल, तर त्या कानांचा उपयोग काय?

आता वेग. खोक्यावरचा 'एएक्स ५४००' हा आकडा कसा येतो पाहा. २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ४८०४ मेगाबिट्स मिळवायचे, येणारे ५३७८ वरच्या शंभरात न्यायचे, झालं. ४८०४ साठी दोन्हीकडे चार अँटेना आणि १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल लागतो. तुमच्या-माझ्या फोनला बहुधा दोनच अँटेना असतात. नेहमीच्या ८० मेगाहर्ट्झवर तोच हिशेब १२०१ वर येतो, आणि प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतं. एवढं करून व्हिडिओ कॉलला हवेत तीन-चार मेगाबिट्स!

लहान फ्लॅटची खरी अडचण शेजारी ही आहे. आमच्या सोफ्यावर बसून मोजली तर ३१ नेटवर्क दिसतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सगळा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरतात: १, ६ आणि ११. वायफाय सभ्य आहे. बोलण्याआधी ते कान देतं, कुणी बोलत असेल तर थांबतं. त्यामुळे एकाच चॅनलवरची दहा घरं एकाच नळावर दहा बिऱ्हाडांनी पाणी भरावं तशी पाळीपाळीने बोलतात. अशा ठिकाणी जोरात पोचणारा राउटर आणला तर आपलं बोलणं शेजाऱ्याला ऐकू जातं आणि तोही थांबतो. त्याचं आपल्याला, म्हणून आपणही थांबतो. (मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो. आत ८०० वॉट असले की त्यातली नखभर गळतीही राउटरच्या दशांश वॉटला त्रास द्यायला पुरते.)

म्हणून ५ गिगाहर्ट्झवर लोक जो आक्षेप घेतात, की ते भिंतीपलीकडे नीट जात नाही, तोच मला त्याचा मोठा गुण वाटतो. आपलं आपल्या घरात राहतं, शेजाऱ्याचं त्याच्या घरात. शिवाय जागाही भरपूर. ६ गिगाहर्ट्झला भिंती आणखी अडवतात. ऑफकॉमने २०२० मध्ये त्यातला ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा वायफायला खुला केला. तुमचा फोन आणि लॅपटॉप तो वापरू शकत असतील तर त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजायला माझी हरकत नाही. नसतील तर मात्र ते पैसे शोभेचे.

पण माझा रविवार यानेही सुटला नव्हता. चोर निघाला रांगेत. शनिवारी काढलेले फोटो रविवारी सकाळी, घरातले फोन चार्जिंगला असताना, आपोआप क्लाउडवर चढत होते. आमच्या जुन्या तांब्याच्या लाइनवर वर पाठवायचा वेग १५ मेगाबिट्सच्या आसपास. फोटोंची पाकिटं त्यापेक्षा भराभर येतात. मोडेम ती टाकून देण्याऐवजी आपल्या स्मृतीत साठवत जातो, आणि आमच्या बोलण्याची छोटी पाकिटं त्या लांबलचक रांगेच्या शेवटी उभी राहतात. लाइन मोकळी असताना जवळच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला १५ मिलिसेकंद लागत होते. फोटो चढताना मोजले तर ९०० च्या वर! लंडन ते मुंबई सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका दिशेने निदान ३६ मिलिसेकंद, आणि केबल सरळ जात नाहीत म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. संभाषण नैसर्गिक वाटायचं तर एका दिशेचा उशीर १५० च्या आत असावा असं मानतात. म्हणजे समुद्राखालच्या प्रवासापेक्षा माझ्याच घरातल्या डब्यात जास्त वेळ जात होता.

या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या अभियंत्याने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरी ते पकडलं, आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर 'कोडेल' नावाचा उपाय मांडला: पाकिटं रांगेत किती वेळ खोळंबतात ते पाहायचं, आणि फार वेळ झाला की वेळीच काही टाकून पाठवणाऱ्याला हळू व्हायला लावायचं. यावर आधारलेली सोय काही राउटरमध्ये 'एसक्यूएम' नावाने मिळते. लाइनच्या वेगापेक्षा जरा कमी मर्यादा घालायची, म्हणजे रांग मोडेममध्ये न साठता राउटरच्या हातात राहते, आणि तो फोटोंच्या मध्ये आवाजाची पाकिटं सोडतो. नुसतं 'गेमिंग क्यूओएस' लिहिलेलं असेल तर हुरळून जाऊ नका. ते बऱ्याचदा वेगळंच काहीतरी असतं. मी शेवटी घेतला तो ६० पौंडांचा, दोन-तीन वर्षं जुन्या मॉडेलचा राउटर. आता फोटो चढत असतानाही उशीर ३० च्या आत राहतो.

अजून एक गोष्ट, जी मी वेगाच्याही आधी पाहतो. २९ एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये लागू झालेल्या कायद्यानुसार सगळ्यांना एकच सोपा पासवर्ड देऊन राउटर विकता येत नाही, आणि सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार ते उत्पादकाला जाहीर करावं लागतं. किती वर्षं द्यायची हे मात्र कायदा सांगत नाही. म्हणून ती तारीख शोधा. स्वस्तात मिळणाऱ्या राउटरची मुदत पुढच्या वर्षी संपत असेल, तर तो स्वस्त नाही. घरातल्या प्रत्येक फोनचा आणि बँकेच्या व्यवहाराचा रस्ता त्यातूनच जातो.

मेश संच? ५०० चौरस फुटांत नकोच. तीन डबे म्हणजे त्याच हवेत आणखी तीन बोलणारे.

आणि काही विकत घेण्याआधी आहे त्याची जागा बदलून पाहा. इकडच्या नव्या इमारतींत फायबर नेमकं प्रवेशाजवळच्या कपाटात येतं, तिथेच गरम पाण्याची टाकी आणि वॉशिंग मशीन. पाणी लहरी शोषतं, धातू परतवतो. आमच्या शेजारणीचा राउटर वर्षभर त्या टाकीला टेकून होता. पाच पौंडांची दहा मीटर इथरनेट केबल स्कर्टिंगच्या कडेने ओढून तो हॉलमधल्या पुस्तकांच्या शेल्फवर नेला. टीव्हीलाही तारच जोडली, म्हणजे रोज संध्याकाळचं सिनेमाचं ओझं हवेतून उतरलं. तिने नवा राउटर घेतलाच नाही.