ढगातली गार रडारला कशी दिसते?

गारपिटीचे दिवस आले की टीव्हीवर महाराष्ट्राचा नकाशा दाखवतात. त्यावर हिरवे, पिवळे, तांबडे डाग सरकत असतात आणि बातम्या देणारा सांगतो, रडारवर ढग दिसत आहेत. घरातले शाळकरी पोर लगेच विचारते, रडारला दिसतात म्हणजे काय? त्याला डोळे असतात का? वाचक बंधू-भगिनींनो, बीड जिल्ह्यातल्या माणसाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आपण कुणी विसरलेलो नाही. ज्वारी आडवी झाली, गहू-हरभरा मातीत गेला, मोसंबीच्या बागा झोडपल्या गेल्या. त्या वेळी मराठवाड्यात कायमस्वरूपी डॉप्लर रडार एकही नव्हते.

रडारला डोळे नसतात. विहिरीत तोंड घालून हाक मारली की आवाज परत येतो, तशी रडार हाक मारते. फक्त ती हाक आवाजाची नसून रेडिओच्या जातीच्या लहरींची असते. ही लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. दीडशे किलोमीटरवरच्या ढगाला लागून ती परत यायला सेकंदाचा एक हजारावा भाग पुरतो. जायला-यायला किती वेळ लागला यावरून ढग किती लांब आहे ते कळते. हा शोधही अपघातानेच लागला म्हणायचा. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने हुडकायला रडार लावली, तर पडद्यावर पावसाचाच गोंधळ दिसू लागला. सैनिकांना ती कटकट वाटली. हवामानवाल्यांनी त्याच कटकटीतून आपले शास्त्र उभे केले.

पण पाऊस म्हणजे विहिरीची भिंत नव्हे. मग लहर परत येते ती कशावरून? पाणी हा ज्याला पराविद्युत पदार्थ म्हणतात त्यातला आहे. म्हणजे असे की, लहर अंगावरून गेली की त्याच्या आतले धन आणि ऋण भार जागच्या जागी हेलकावतात. हेलकावा खाणारा थेंब स्वतःच एक छोटासा आकाशवाणीचा खांब होतो आणि लहर चहूकडे विखुरतो. शाळेच्या पुस्तकात यालाच विकिरण म्हणतात. चहूकडे गेलेल्यातला एक बारीकसा अंश रडारकडे परततो. त्या अंशावरच सगळा कारभार चालतो.

पदार्थ किती हेलकावतो याचा एक आकडा असतो. पाण्याचा तो ८० च्या आसपास आणि बर्फाचा जेमतेम ३.२. त्यामुळे तेवढ्याच आकाराचा बर्फाचा कण पाण्याच्या थेंबाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकेच उत्तर देतो. मग गार तर रडारला कमीच दिसायला हवी! तसे होत नाही, आणि याचे कारण हिशेबात आहे. आम्ही कॉमर्सवाले, चक्रवाढ व्याजापलीकडे आमची धाव नाही, पण हा हिशेब पाहून आम्हीही चक्रावलो. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की परतणारी शक्ती दुप्पट किंवा चौपट होत नाही, ती ६४ पट होते. एक मिलीमीटरचा थेंब आणि पाच मिलीमीटरचा थेंब घ्या. मोठ्या थेंबात पाणी लहानाच्या १२५ पट, पण रडारला मिळणारे उत्तर १५,६२५ पट. पावसाचा थेंब पाच-सहा मिलीमीटरच्या पुढे सहसा टिकत नाही, फुटतो. गार मात्र लिंबाएवढी होऊ शकते. एवढ्या मोठ्या गारेला हा ६४ पटीचा नियम तंतोतंत लागू होत नाही, तरी तिचे उत्तर जोरदारच असते. शिवाय खाली येताना ती वितळू लागते, अंगावर पाण्याचा पापुद्रा चढतो आणि रडारला ती भल्या मोठ्या थेंबासारखी भासते.

नकाशावरचे रंग म्हणजे या उत्तराच्या जोराच्या पायऱ्या. प्रत्येक १० अंकाला जोर दहापट होतो. म्हणजे २० चा डाग आणि ५० चा डाग यांत हजारपटीचा फरक. ५५ च्या वर आकडा गेला की हवामानवाले गारांचा संशय घेतात. नव्या रडारमध्ये आणखी एक युक्ती आहे. ती आडवी आणि उभी अशा दोन तऱ्हेच्या लहरी सोडते. मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो, पावासारखा, म्हणून त्याचे आडवे उत्तर उभ्यापेक्षा मोठे येते. गार गरगरत येते, तिची दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखीच असतात. जोर मोठा आणि उत्तरे सारखी, म्हणजे बहुधा गार. न बघता ओळखायची ही रीत आम्हाला फार आवडली.

आता आपल्या जिल्ह्याचे बघू. मुंबईच्या कुलाब्याची रडार बीडपासून सरळ रेषेत ३०० किलोमीटरच्या वर आहे. नागपूर चारशेच्या वर, हैदराबादही तीनशेच्या पुढे. लहर सरळ जाते आणि पृथ्वी मात्र गोल. कुलाब्याहून अगदी खाली, क्षितिजाच्या अर्धा अंश वर झोत रोखला, तरी बीडवर येईतो तो जमिनीपासून आठ किलोमीटरच्या आसपास उंच गेलेला असतो, आणि पसरून पाच किलोमीटर जाडही झालेला. फार तर ढगाचा शेंडा हाती लागणार. बुडाशी काय शिजते आहे ते कळणार नाही.

२०१५ च्या दुष्काळात कृत्रिम पावसासाठी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विभागीय आयुक्त कार्यालयावर रडार बसवली होती. २०१९ ला पुन्हा तोच प्रयोग झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनेही २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूरहून ढगांचा अभ्यास रडारने केला. संभाजीनगरहून बीड सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. तिथला झोत आपल्यावरून दीड-पावणेदोन किलोमीटर उंचीने जातो. गारेचा ढग दहा किलोमीटरच्या वर चढतो, तेव्हा तो पोटापासून शेंड्यापर्यंत सापडला असता. पण ही सोय पाऊस पाडण्याच्या प्रयोगापुरती होती. ढगात मीठ फवारायला रडार येते आणि ढगाखालच्या माणसाला सावध करायला ती थांबत नाही, हे आमच्या गळी उतरत नाही. पावसाच्या प्रयोगावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. गारेच्या इशाऱ्याच्या गरजेवर मतभेद असण्याचे कारण नाही.

इशाऱ्याचा अर्थ ज्याला पक्के छत आहे त्याला वेगळा आणि कोपीत राहणाऱ्याला वेगळा. आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. फेब्रुवारी-मार्चला टोळ्या अजून फडातच असतात. पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी, आत लेकरू, बाहेर बैल. हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा जिल्हावार इशारा देतो. विजेसाठी त्या पुण्याच्या संस्थेचे दामिनी हे ॲप आहे. परंतु मजुरी टनावर. मुकादमाच्या फोनवर इशारा आला तरी कोयता खाली ठेवा असे तो का म्हणेल? थांबले की टन बुडाला. कारखान्याने इशारा टोळीपर्यंत पोचवावा, लेकराबाळांना गोदामात घ्यावे आणि त्या वेळेची मजुरी धरावी, ही मागणी कोयता उचलण्याआधी, उचल ठरतानाच मुकादमापुढे ठेवायला हवी. फडात गेल्यावर कोण ऐकतो?

आणि गावी राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे काय? वस्तीत स्लॅबची इमारत बहुधा एकच, ती म्हणजे समाजमंदिर. त्याला कुलूप असते आणि चावी एकाच घरी. ते घर ऊसतोडीला गेले की चावीही गेली. यंदा टोळ्या निघण्याआधी दुसरी चावी करून घ्या आणि जी आजी कुठेच जात नाही तिच्याकडे ठेवा.