चहा कोणाचा, बिल कोणाचं?

दिवाळीत घरी, म्हणजे नागभीडला गेलो होतो. एका दाखल्यासाठी आमच्या भागातल्या एका सरकारी कार्यालयात जावं लागलं. कुठल्या ते लिहीत नाही, कारण दाखला अजून मिळायचाय :-)

साडेदहाला पोचलो. "साहेब मीटिंगमधे आहेत." बसलो व्हरांड्यात. शेजारी बाकावर एक आजी होत्या, पहाटे निघून दोन एसट्या बदलून आलेल्या. साडेअकराला आमच्या नाकासमोरून एक ट्रे आत गेला. चहा, बिस्किटं, वर काजूची बशी. एक वाजता दुसरा ट्रे, समोशांचा. मी आजींना विचारलं, "आजी, चहा घेता का?" त्यांची नजर त्या ट्रेवर. म्हणाल्या, "तो सायबाचा चहा होय बाबू, आपला नाई."

मग समोरच्या टपरीवरून दोन चहा आणले. प्यायलो. आजींचं काम चारला झालं, माझं झालंच नाही. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आत जो चहा गेला, तो कोणाच्या पैशातला? साहेबांच्या खिशातला असेल तर प्रश्नच मिटला. सरकारी खर्चातला असेल, तर त्यात थोडे पैसे आजींचेही आहेत की! त्या दुकानातून घेतलेल्या बऱ्याच वस्तूंवर टॅक्स भरतात, माझ्यासारखाच.

आता लगेच "सरकारने एक कप चहासुद्धा पाजू नये" असं म्हणणारे निघतील. माझं म्हणणं तसं नाहीये. सरकारने खाऊ घालावं. पण कोणाला, हे आपल्याकडे बरोब्बर उलटं बसलंय.

आमच्या हिंजवडीतलं उदाहरण घ्या. रात्री प्रॉडक्शन डिप्लॉयमेंट असलं की अकराच्या सुमारास पिझ्झा येतो. मॅनेजर काही कर्णाचा अवतार नाही. कंपनीने आम्हाला थांबवलंय, म्हणून कंपनी खाऊ घालते. साधा हिशोब. दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमधे जेवलो की बिल माझं. कारण मी माझ्या नेहमीच्या कामावर आहे आणि त्याचा मला पगार मिळतो.

म्हणजे प्रश्न एकच विचारायचा : *थांबवलं कोणी?* ज्याला सरकारने त्याची रोजी सोडून थांबवलं, त्याच्या पोटाची जबाबदारी सरकारची. जो पगार घेऊन आपल्या ड्यूटीवर आहे, त्याची त्याने बघावी.

ही टेस्ट ग्रामसभेला लावून बघा. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. तारखा साधारण ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. कोरम म्हणजे गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. आता आमच्याकडे १५ ऑगस्टच्या सुमाराला काय चालू असतं? पाऊस लांबला असेल तर रोवणी. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभं असलेलं माणूस मजुरी सोडून सभेला येणारे का? १ मेच्या आसपास तेंदूपत्त्याचा हंगाम. तेव्हा तर अर्धं गाव पहाटेच जंगलात.

माझ्या काकूचीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी गावात घरकुलाची यादी ग्रामसभेपुढे आली. काकूचं नाव यादीत नव्हतं. हरकत घ्यायची जागा तीच होती. पण त्या दिवशी ती दुसऱ्याच्या शेतात रोवणीला गेली होती. मी पुण्यातून फोनवर तिला लोकशाहीवर लेक्चर दिलं. ती म्हणाली, "सभेनं का पोट भरते?" फोनवर माझी बोलती बंद. तिची भिंत अजून मातीचीच आहे.

२०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे ग्रामसभेला जाणं हा गरिबासाठी तीनशेचा खर्च. आणि कोरम भरला नाही तर? सभा तहकूब. मग तहकूब सभेला कोरमच लागत नाही! पाच-पंचवीस लोक बसतात आणि अख्ख्या गावाचा निर्णय होतो. ज्यांची मजुरी बुडते त्यांना गाळून लोकशाही चालवायची ही आयडिया ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला दंडवत.

तर माझी मागणी अशी. प्रत्येक ग्रामसभेत, आलेल्या प्रत्येकाला पोटभर नाश्ता, ग्रामपंचायतीच्या खर्चाने. त्याने ३१२ रुपये भरून निघणार नाहीत, मान्य. पण "तुझा वेळ फुकटचा नाही" एवढं तरी सरकार म्हणेल. धरा १०० माणसं, माणशी ३० रुपये. तीन हजार. वर्षाच्या चार सभांचे बारा हजार.

बारा हजार जास्त वाटतात? मग शेजारच्या मध्य प्रदेशात बघू. जुलै २०२५ मधे शहडोल जिल्ह्यातल्या भदवाही ग्रामपंचायतीचं एक बिल देशभर गाजलं. जलसंवर्धनाचा कार्यक्रम, मोठे अधिकारी आलेले, आणि तासाभराच्या त्या कार्यक्रमाचं खाण्याचं बिल १९,०१० रुपये. त्यात काजू, बदाम, मनुका मिळून १३ किलो आणि ६ लिटर दुधाच्या चहाला ५ किलो साखर! (एवढ्या साखरेचा चहा पिऊन कोणी उठून चालू शकतं का, हा वेगळा संशोधनाचा विषय.) थोडक्यात, गावाच्या वर्षभराच्या लोकशाहीपेक्षा साहेबांचा एक तास महाग.

बरं, दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याला दैनिक भत्ता असतो. तो कशासाठी? जेवणाखाणासाठीच ना! मग पंचायतीने त्यालाच जेवू घातलं तर एका पोटाचे पैसे दोनदा गेले. आणि हे जेवण जमवतो कोण? ग्रामसेवक, ज्यांना हल्ली ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. साहेबांना नाही म्हणायची त्यांची टाप नाही. मग आधी खिशातून घालायचे आणि नंतर ते कुठल्या हेडखाली बसवायचे याची विवंचना. काजू मुरुमाच्या बिलात शिरतात ते असे.

टेस्ट दोन्ही बाजूंनी लावायला हवी, नाहीतर ती टेस्ट कसली. २०१८ साली मुख्यमंत्री कार्यालयाच्या चहापाण्यावर मोठा गदारोळ झाला होता. माहितीच्या अधिकारातल्या आकड्यांवरून संजय निरुपम यांनी आरोप केला की २०१५-१६ मधे सुमारे ५८ लाख असलेला खर्च २०१७-१८ मधे ३ कोटी ३४ लाखांवर गेला. कार्यालयाचं म्हणणं, हा भेटायला येणाऱ्यांच्या आदरातिथ्याचा खर्च आहे. आता माझं ऐका : तो चहा खरंच गावोगावहून येऊन ताटकळणाऱ्यांच्या हातात गेला असेल, तर माझी तक्रार नाही. आकडा मोठा म्हणून मी बोंब मारणार नाही. कप कोणाच्या हातात गेला तेवढं दाखवा.

हे सरकारला कळत नाही असंही नाही. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन सुरू झालं तेव्हा दहा रुपयांच्या थाळीची केंद्रं कुठे काढायची ठरलं? दवाखाने, बसस्टँड, सरकारी कार्यालयांच्या आसपास. म्हणजे जिथे माणूस ताटकळतो तिथेच. तमिळनाडूने २०२५ मधे सफाई कामगारांना फुकट खाणं द्यायचं ठरवलं आणि चेन्नईपासून सुरुवात केली. पहाटे शहर झाडायला ज्याला उभं करता त्याला न्याहारी द्या. आमच्या नगर परिषदेलाही हे जमण्यासारखं आहे.

"फुकट खायला लोक येतील, चर्चेला नाही," असं माझा एक मित्र म्हणाला. येऊ दे की! आपण टेक टॉकला सँडविचसाठी जातो, आणि बसल्याबसल्या दोन गोष्टी ऐकतोच ना? "यातही पैसे खातील," हा दुसरा आक्षेप. खातील, म्हणून आधीच कुंपण घाला. माणशी दर ठरलेला. नाश्ता गावातल्या महिला बचत गटाकडून. हजेरीच्या सह्या जितक्या, तितक्याच प्लेटचं बिल. ते बिल नोटीस बोर्डावर, आणि पुढच्या सभेत मोठ्याने वाचायचं. काकूसमोर काजूचं बिल वाचून दाखवायची हिंमत कोणात आहे ते तरी कळेल.

आणि निरोपसमारंभ, स्वागतसमारंभ, वाढदिवस? एक रुपयाही नाही. वर्गणी काढा. आम्हीही ऑफिसात तेच करतो.

जानेवारीत पुन्हा घरी जाणारे. २६ तारखेच्या ग्रामसभेला काकूला घेऊन जायचं ठरवलंय. यादीचा विषय पुन्हा काढायचाय, आणि नाश्त्याचा ठरावही मांडायचाय. पंचायतीने नाश्ता ठेवला तर उत्तमच. नाहीतर या वेळी पोहे मी नेतो, पण बिल पंचायतीच्या नावाने फाडून सभेत वाचून दाखवणार.

असो. बाकी पुढच्या वीकेंडला.