न्यूटनचा म्हणे फोटो!

मंडळी, न्यूटनचा फोटो अस्तित्वात नाही. तो गेला १७२७ साली आणि फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ मध्ये. तरी शाळेच्या भिंतीपासून पीपीटीपर्यंत 'न्यूटनचा फोटो' बिनदिक्कत लावलेला असतो. बोलण्याची पद्धत म्हणून हेही चालवून घेऊ. माझं भांडण आहे ते जाणकारांशी. खास शिकवण्यासाठी जपलेल्या संग्रहातलं छापचित्र घ्यायचं, आणि वर्गात दाखवताना खालची ओळ कापून नुसता चेहरा ठेवायचा, हे मला अजिबात पटत नाही.

'प्रिन्सिपिया'च्या तिसऱ्या आवृत्तीतलंच चित्र घ्या. साल १७२६. चित्राखाली बारीक अक्षरांत लॅटिनमध्ये दोन नावं आहेत: व्हॅन्डरबँकने १७२५ मध्ये रंगवलं, जॉर्ज व्हर्च्यूने १७२६ मध्ये कोरलं. ही ओळ म्हणजे नक्षी नव्हे. आपल्या भाषेत सांगायचं तर फाईलच्या डोक्यावरची ऑथरची कमेंट. ती उडवून दुसऱ्याचा कोड वापरला तर आपण त्याला काय म्हणतो? मग इथे का गप्प?

बरं, कोरणं म्हणजे काय खायचं काम नाही. तांब्याच्या पत्र्यावर हाताने रेघा खोदायच्या, त्याही उलट्या, कारण छापल्यावर डावं-उजवं बदलतं. मग खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद प्रेसमध्ये दाबायचा. करडा रंग नाहीच. शाई आहे किंवा नाही, शून्य किंवा एक! गालावरची सावली येते ती रेघांच्या जाडीतून आणि दाटीतून. एवढं एका चित्रात शिकवता येत असताना आपण दाखवतो काय, तर एक म्हातारा.

म्हातारा यावरून आठवलं. या चित्रात न्यूटन ऐंशीच्या पुढचा आहे. 'प्रिन्सिपिया' पहिल्यांदा आलं १६८७ मध्ये, तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. खालचं साल कापलं की हा फरकही गेला, आणि पोरांना वाटतं शोध लावायला आधी केस पिकावे लागतात.

कोणी म्हणेल, "अहो, पोरांना फिजिक्स शिकू दे, कोरणाऱ्याचं नाव हवंय कशाला?" कारण विज्ञान एकट्याच्या डोक्यातून टपकत नाही, हेही शिकवायचं असतं. त्याच पुस्तकाच्या पहिल्या छपाईचा खर्च हॅलीने उचलला, तिसरी आवृत्ती पेम्बर्टनने संपादित केली. चेहरा मात्र एकाचाच लक्षात राहतो.

आणि गंमत बघा. याच व्हर्च्यूने आयुष्यभर इंग्लंडमधल्या चित्रकारांच्या, कोरणाऱ्यांच्या नोंदी वह्यांत टिपून ठेवल्या. त्याच वह्यांवरून पुढे होरेस वॉलपोलने तिथल्या चित्रकलेचा इतिहास लिहिला. इतरांची नावं जपणाऱ्या माणसाचंच नाव आपण क्रॉप करतो.

असो. मास्तर लोकांनो, स्लाईडवर जागा नसेल तर तुमचे बुलेट पॉईंट कमी करा. कागद पूर्ण दाखवा.