संच बंद झाला, राख कुणाची?

कोळशावरचे जुने वीजसंच मोडीत काढणं हा करंटेपणा आहे, असं वर्ध्यातल्या एका व्याख्यानात मोठ्या आवेशात सांगण्यात आलं. वक्ते या विषयातले जाणकार म्हणवून घेणारे. "म्हातारा झाला म्हणून बापाला कुणी घराबाहेर काढतं का?" या वाक्याला त्यांनी टाळ्या घेतल्या. मुद्दे चारच होते. जुन्या संचांचं कर्ज फिटलेलं आहे, म्हणून त्यांची वीज स्वस्त. डागडुजी केली की ते आणखी पंधरा वर्षं चालतात. रात्री सूर्य नसतो. आणि संच बंद केले तर हजारोंची पोटं उघडी पडतात.

बापाचं आधी मिटवू. नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राचा पहिला संच 1974 साली सुरू झाला. 120 मेगावॅटचे असे चार संच तिथं होते, आणि ते केव्हाच बंद झाले. कोळशात असलेल्या उष्णतेच्या तिसऱ्या हिश्शाचीही त्या काळच्या लहान संचांत धड वीज होत नाही. बाकीची उष्णता धुरांड्यातून आणि कुलिंग टॉवरमधून हवेत जाते. डेन्मार्कसारख्या थंड देशात तीच उष्णता नळांतून घराघरांत नेतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर असतो, तिथं ती कोण घेणार? डागडुजीचं म्हणाल, तर कोराडीच्या सहाव्या संचासाठी थेट जागतिक बँकेचं कर्ज काढावं लागलं. ज्याचं कर्ज फिटलं म्हणून कौतुक चाललंय, तेच टिकवायला पुन्हा कर्ज!

आता त्या 'स्वस्त' विजेकडे येतो, कारण सगळी इमारत याच एका विटेवर उभी आहे.

वणी-माजरी-बल्लारपूरकडचा कोळसा हिंगणघाटवरून सेवाग्राम जंक्शनला येतो. फाटकावर मालगाडीखाली अडकलेल्या माणसाला डबे मोजायची सवयच लागते: अठ्ठावन्न-एकोणसाठ डबे, म्हणजे साधारण चार हजार टन कोळसा. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण पस्तीस-चाळीस टक्के असतं. म्हणजे अशी एक गाडी जळाली की निदान चौदाशे टन राख मागं राहते. एका गाडीची! वीज तारेतून निघून जाते, पैसा बिलातून वसूल होतो, राख मात्र जिथल्या तिथं. ती पाण्यात कालवून पाइपनं बंधाऱ्यात सोडतात आणि हिशेब तिथंच मिटला असं धरतात. कोराडीचा खसाळा इथला राखबंधारा जुलै 2022 च्या पावसात फुटला. राखेचा लोंढा शेतांत शिरला, नाल्यातून नदीला मिळाला. ज्या कन्हानचं पाणी नागपूर पितं, तिच्यापर्यंत ही राख गेली. त्याच वर्षी नांदगावच्या राखबंधाऱ्यावरून खापरखेडा वीजकेंद्राविरुद्ध गावकरी उठले होते. राखेखाली गेलेल्या वावरात पुढं काय पेरायचं, हा प्रश्न प्रतियुनिट दराच्या कुठल्या रकान्यात बसतो? वक्त्यांनी दर सांगितला, रकाना सांगितला नाही.

राखेच्या वापराचा पहिला केंद्रीय आदेश 1999 चा. विटा करा, सिमेंटात घाला, रस्त्यात भरा, असं तेव्हापासून सांगणं चालू आहे. तरी 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेत वर्षानुवर्षं साचलेल्या राखेसाठी आणखी दहा वर्षांची मुदत द्यावी लागली. धुरातल्या गंधकाचंही तेच. डिसेंबर 2015 चे नियम दोन वर्षांत लागू व्हायचे होते. मुदती वाढत गेल्या आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून सूटच मिळाली. राख न उचलता आणि धूर न धुता विकलेली वीज स्वस्तच असणार. बाकीची किंमत खसाळ्याचा शेतकरी भरतो, आणि त्याला कुणी बिलही देत नाही.

"विदर्भानं कोळसा जाळायचा आणि वीज पुण्या-मुंबईनं वापरायची" ही जुनी तक्रार त्यांनी जाता जाता पुन्हा उगाळली. तक्रार खरी आहे. छत्तीसगडहून येणारी विजेची महामार्गासारखी वाहिनी आपल्या देवळीजवळच्या 765 केव्ही उपकेंद्रातून पुढं छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीच्या औरंगाबादकडे) जाते, हे जिल्ह्यात सगळ्यांना दिसतं. पण या तक्रारीतून धूर आणखी वाढवावा असं कसं निघतं? मांडव्याचा 1320 मेगावॅटचा प्रकल्प आपल्याच जिल्ह्यात अर्धवट राहिला. त्यासाठी गेलेल्या जमिनीवर ना वीज झाली ना पीक.

रात्रीचा मुद्दा मला मान्य आहे. रात्रीसाठी कोराडीचे 660 मेगावॅटचे नवे तीन संच आहेत, ते उद्याच बंद करा असं कुणी म्हणत नाही. पण शेतकऱ्याला रात्रीची वीज हवी असते, हे कुणी सांगितलं? आर्वी-सेलूकडे हरभऱ्याला ओलित करायला माणूस रात्री एक वाजता टॉर्च घेऊन वावरात जातो. पायाखाली साप, धुऱ्यावर रानडुक्कर, आणि स्टार्टर दाबला तर एक फेज गेलेला. त्याला दिवसा वीज हवी आहे आणि ती सूर्य देतो. गावाजवळच्या उपकेंद्राशी जोडलेले सौर कृषी वाहिनीचे प्रकल्प त्यासाठीच आहेत.

पोटांचा प्रश्न मी हलका धरत नाही. ब्रिटननं 30 सप्टेंबर 2024 ला रॅटक्लिफ इथलं आपलं शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद केलं, तेव्हा तारीख आधीपासून जाहीर होती. आपल्याकडे कायम कामगाराची बदली होते. कोळसा उतरवणारा आणि राखेच्या पाइपलाइनवर राबणारा कंत्राटी माणूस मात्र ठेकेदाराच्या हजेरीपटावरून एका दिवसात गळतो. म्हणून संच बंद करायची तारीख पाच वर्षं आधी जाहीर व्हावी. त्याच दिवशी कंत्राटी कामगारांची यादी नावानिशी लागावी, आणि साचलेली राख उचलून बंधाऱ्याची जमीन साफ करण्याचं पहिलं काम त्यांनाच मिळावं. आणि ज्या कोराडीत जुने संच बंद झाले, तिथंच बदली म्हणून 660 मेगावॅटचे आणखी दोन संच उभारायचा बेत आहे. मे 2023 मध्ये त्याची जनसुनावणीही झाली. तो मागं घ्यावा.