छोटी बोट की मोठी?

संभाजीनगरकरांचं पाण्याशी नातं तसं टँकरपुरतंच. नाही म्हणायला पैठणचा नाथसागर आहे, पण तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य. तिथे पक्षी बघायचे, इंजिनं घुमवायची नाहीत. म्हणून लाँग वीकएण्ड आला की गँग किंवा फॅमिली निघते अलिबागला आणि गेटवेवर पोचली की घरात दोन पार्ट्या पडतात. स्पीडबोट की मोठी लाँच?

स्पीडबोटचा फंडा सिंपल आहे. वेग घेतला की ती नाक वर करते आणि पाण्यावरून सरकत जाते. मांडवा अर्ध्या तासाच्या आत! समुद्र शांत असेल तर फुल टू धमाल. वारा सुटला की मात्र प्रत्येक लाट खालून दणका देते, पुढे बसलेल्यांना सगळ्यात जास्त. आपल्याला ती राइड वाटते, कंबरदुखीवाल्यांना शिक्षा. मोठी बोट जड आणि संथ, तासभर घेते. दणके कमी, पण डुलणं जास्त वेळ. घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी गोळी आधीच घ्यावी. आणि संभाजीनगरहून गाडी घेऊनच निघाला असाल, तर भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून रो-रो आहे. गाडीसकट मांडवा!

म्हणजे मोठी ती सेफ? बॉस, इथेच आपण फसतो. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ मोठीच होती. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट तिच्यावर आदळली आणि १५ जीव गेले. ‘नीलकमल’चा परवाना ८४ प्रवाशांचा होता, बोटीवर माणसं शंभरावर. अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं.

आमच्या घरी सध्या एकच नियम आहे: सगळ्यात नाजूक कंबर ज्याची, त्याचं मत फायनल. म्हणजे आईचं. आईने मोठी बोट निवडली, पण जॅकेट घालेना. ‘साडीवर कसं दिसेल ते?’ दादा समजावत बसला नाही. त्याने आधी स्वतःचं घातलं, पट्टे आवळले, मग तिच्यापुढे धरलं. वहिनीने घातलं, मी घातलं. तिघं केशरी झाल्यावर एकटं वेगळं दिसणं आईलाच पटेना.

तेव्हा बोटीत पाय ठेवण्याआधी तीन प्रश्न बिनधास्त विचारा. परवाना किती जणांचा? आत्ता बसलेत किती? आणि आमच्या पिल्लाच्या मापाचं जॅकेट आहे का? मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या अंगावरून पाण्यात निसटू शकतं. तिन्हींची उत्तरं नीट मिळाली, तर बोट छोटी असो की मोठी, चढा. नाही मिळाली तर पुढची बोट येतेच. तोवर चौपाटीवरची भेळ आहे की!