नर्स प्रॅक्टिशनर व्हायचे, पण केव्हा?

सोलापूरहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून ती एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत लागली, त्याला चौदा महिने झाले. मैत्रिणी म्हणतात, नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स आताच करून टाक, एकदा निकाह झाला की राहून जाईल. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर म्हणतात, आधी तीन-चार वर्षे हात बसू दे. घरात स्थळे येत आहेत. कोणाचे ऐकू, असे तिने विचारले आहे.

दोघींचेही म्हणणे खरे आहे, म्हणूनच उत्तर सोपे नाही.

आधी या नावाचा घोळ निस्तरू. परदेशातले नातेवाईक सांगतात, तिकडे नर्स प्रॅक्टिशनर स्वतः तपासते, औषध लिहून देते, काही ठिकाणी स्वतःचे क्लिनिकही चालवते. ते खरे आहे. अमेरिकेत 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात परिचारिका लॉरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तिथे आज अनेक राज्यांत कायद्यानेच तसे अधिकार दिले आहेत. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलने आखलेला अभ्यासक्रम 'क्रिटिकल केअर'चा, म्हणजे अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या शुश्रूषेचा आहे. तो दोन वर्षांचा, रुग्णालयात राबून शिकण्याचा आहे. बी.एस्सी., नोंदणी आणि किमान एक वर्ष प्रत्यक्ष कामाचा अनुभव, एवढी अट आहे. औषधशास्त्र, शरीरातले बिघाड कसे घडतात त्याचे शास्त्र आणि रुग्णाची सखोल तपासणी हे विषय वरच्या पातळीवर शिकवतात. बाकी सारा वेळ खाटेजवळ. नंतर काम करायचे ते डॉक्टरांच्या सोबतीने आणि रुग्णालयाने ठरवून दिलेल्या नियमांत. गावात येऊन दवाखाना थाटता येईल, अशी समजूत घरात कोणाची असेल तर ती आजच दूर करावी. इथली ही पदवी घेऊन अमेरिकेत थेट नर्स प्रॅक्टिशनर होता येते, हीसुद्धा समजूतच. तिथे आधी नर्स म्हणून परवाना, मग तिथल्या नियमांप्रमाणे पुढचे शिक्षण. (बाळंतपणाच्या कामाची आवड असणाऱ्यांसाठी मिडवाइफरीतील नर्स प्रॅक्टिशनरचा अठरा महिन्यांचा मार्ग केंद्र सरकारने 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत आखला आहे. तो वेगळा विषय आहे, पुन्हा कधीतरी.)

म्हणजे आमच्या भगिनीची एक वर्षाची अट पूर्ण झाली आहे. कागदावर ती पात्र आहे. पण मोठ्या सिस्टर उगाच अडवत नाहीत. पहिल्या वर्षात हात शिकतात: सुई लावणे, सक्शन, इन्फ्युजन पंप, ड्युटी बदलताना रुग्णाची माहिती नीट सोपवणे. डोळे शिकतात ते त्यानंतर. मॉनिटरवरचे आकडे अजून बरे दिसत असतात, पण रुग्णाचा चेहरा, श्वास, हाताचा गारवा बघून अनुभवी सिस्टर म्हणते, याचे काहीतरी बिघडते आहे, डॉक्टरांना बोलवा. ही नजर पुस्तकातून येत नाही. आणि या कोर्सचा सगळा भर तिच्यावरच आहे. रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा वेग का वाढवला, व्हेंटिलेटरची सेटिंग का बदलावी, असे विचारले जाते, तेव्हा ज्या मुलीने असे शंभर रुग्ण सांभाळले आहेत ती उत्तराशी झुंजते. जिने दहाच पाहिले आहेत ती पाठ करते. दोघी पास होतील. पण पहाटे तीन वाजता त्या खाटेवर आपली अम्मी असेल, तर जवळ कोणती सिस्टर हवी?

इतके मान्य करूनही 'अजून थांब' हा सल्ला डोळे झाकून द्यायला आमचे मन धजत नाही. मुलाला 'दोन वर्षांनी कर' म्हटले तर तो दोन वर्षांनी करतो. मुलीला तेच म्हटले तर मधे निकाह येतो, गाव बदलते, मूल होते, सासरी रात्रपाळीवरून कुरबुर सुरू होते. चांगल्या शिकलेल्या किती नर्स मुली आज घरी आहेत, ते प्रत्येकीने आपल्या मोहल्ल्यात मोजून पाहावे. प्रेषितांच्या काळात खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआझ यांची शुश्रूषा मशिदीतल्या तंबूत करणाऱ्या रुफैदा (र.) यांचे नाव आपण जलशांत अभिमानाने घेतो. घरातल्या रुफैदाची नाइट ड्युटी मात्र खपत नाही.

तेव्हा आमचे मत असे. आईवडील पाठीशी आहेत, निकाहाची घाई नाही आणि आत्ताच्या आयसीयूत खरोखर गंभीर रुग्ण येतात, असे असेल तर आणखी एक-दीड वर्ष तिथेच काढावे. ते फुकट जात नाही. आखातातल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींतही सहसा दोन वर्षांचा अनुभव मागतात. पण घरात वर्षाच्या आत निकाह करायचे ठरलेच असेल, तर थांबू नये. थोडा कच्चा अनुभव घेऊन कोर्सला बसणे परवडते, त्याची भर कष्टाने काढता येते. कधीच न बसण्याची भर निघत नाही. आणि सध्याच्या ठिकाणी व्हेंटिलेटरवरचा रुग्ण महिन्यातून एखादाच दिसत असेल, तर कोर्सच्या आधी नोकरी बदलावी.

पैशाचेही बघावे. दोन वर्षांचा पगार बुडतो. काही ठिकाणी विद्यावेतन मिळते, काही ठिकाणी उलट फी भरावी लागते; हे तोंडी नव्हे, लेखी विचारावे. संस्थेला कौन्सिलची त्या वर्षाची मान्यता आहे का, हेही पाहावे. व्याजाच्या कर्जाला घरात विरोध असेल तर जमातीच्या बैतुलमालात किंवा शैक्षणिक ट्रस्टमध्ये अर्ज करायला लाजू नये. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळाच, आणि तो कोर्स करून बाहेर पडलेल्या दोन-तीन जणींनाच विचारावा: आता तुमचे पद काय, पगार किती वाढला, की पुन्हा स्टाफ नर्सच्याच यादीत नाव आहे? सगळ्या रुग्णालयांत हे पद अजून नाही. जिथे नाही, तिथे शिक्षण वाढते आणि काम तेच राहते. इस्तिखारा जरूर करावा, पण ही चौकशी झाल्यावर.

स्थळे येत आहेत म्हणून एक गोष्ट अब्बांना सांगावीशी वाटते. मेहरची रक्कम ठरवताना जसे बोलणे होते, तसेच मुलीच्या शिक्षणाचे आणि नोकरीचे व्हावे, आणि ते निकाहनाम्यात अट म्हणून लिहून घ्यावे. तशी अट घालण्याची मुभा शरीअतने दिलेलीच आहे. बोलताना संकोच वाटतो हे आम्हांला ठाऊक आहे. पण जो मुलगा कागदावर लिहायला कचरतो, तो नंतर काय करणार आहे ते तेव्हाच कळते.

भगिनीला शेवटची सूचना कागदांची. सध्याच्या रुग्णालयाकडून अनुभवाचा दाखला घेताना त्यावर 'आयसीयू' हा शब्द आणि तारखा असल्याच पाहिजेत. नुसते 'स्टाफ नर्स' लिहिलेले अपुरे पडू शकते. निकाहानंतर नाव बदलण्याची घाई करू नये. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर एक नाव, पदवीवर दुसरे आणि आधारवर तिसरे झाले, तर प्रवेशाच्या वेळी शपथपत्रे करत फिरावे लागते.